दगड खाणारा लॉर्ड, राजवाडा जाळणारा लॉर्ड

लॉर्ड एल्गिन हे नाव मराठी वाचकाला साधारण दोन ठिकाणी भेटतं. १८९७ साली पुण्यात रँडचा खून झाला तेव्हा हिंदुस्थानचा व्हाइसरॉय एल्गिन होता. आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरातली शिल्पं आहेत, त्यांनाही ‘एल्गिन मार्बल्स’ म्हणतात. ही दोन वेगळी माणसं, आजोबा आणि नातू. मधला एल्गिन, म्हणजे शिल्पं आणणाऱ्याचा मुलगा आणि रँडच्या वेळच्या व्हाइसरॉयचा बाप, आपल्याकडे फारसा कुणाच्या लक्षात नसतो. खरं तर तिघांत तोच जास्त गुंतागुंतीचा.

जेम्स ब्रूस, आठवा अर्ल ऑफ एल्गिन. जन्म १८११, मृत्यू १८६३. कॅनडाच्या इतिहासात तो लोकशाहीची पायाभरणी करणारा सभ्य गव्हर्नर आहे. चीनच्या इतिहासात तो बादशहाचा उन्हाळी राजवाडा जाळणारा रानटी माणूस आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांच्यात फक्त अकरा वर्षांचं अंतर आहे.

किताब आला, सोबत कर्जही

ब्रिटिश उमरावांमध्ये ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन अशी उतरंड असते. किताब आणि इस्टेट थोरल्या मुलाकडे जाते, धाकट्यांनी आपापलं बघायचं. जेम्स धाकट्यांपैकी होता. वडिलांना पहिल्या बायकोपासून झालेला एक मुलगा होता, तो १८४० मध्ये वारला आणि जेम्स अचानक वारस ठरला.

पण वारसा कसला? वडील तुर्की सुलतानाच्या दरबारात ब्रिटनचे राजदूत असताना त्यांनी पार्थेनॉनची शिल्पं उतरवून जहाजांनी इंग्लंडला आणण्यात भरमसाट पैसा ओतला होता. १८१६ मध्ये ब्रिटिश सरकारने ती ३५,००० पौंडांना विकत घेतली, पण तेवढ्यात त्यांचा निम्मा खर्चही निघाला नाही. सावकारांचा ससेमिरा चुकवायला ते फ्रान्समध्ये जाऊन राहिले आणि १८४१ मध्ये पॅरिसलाच वारले. जेम्सच्या वाट्याला स्कॉटलंडमधलं घर, किताब आणि देणी आली.

त्यातच एक कायदेशीर गंमत झाली. त्याच वर्षी तो साउदॅम्प्टनमधून हाउस ऑफ कॉमन्सवर निवडून आला होता. वडील वारल्यावर तो अर्ल झाला आणि उमराव म्हणून कॉमन्सची जागा गेली. मग हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसावं, तर स्कॉटलंडच्या उमरावांना तिथे आपोआप जागा नव्हती. इंग्लंड-स्कॉटलंडच्या १७०७ च्या एकीकरणाच्या अटींप्रमाणे त्यांनी आपल्यातले फक्त १६ जण निवडून पाठवायचे. म्हणजे गडी ना इकडचा ना तिकडचा. राजकारण करायची हौस आहे, डोक्यावर कर्ज आहे आणि संसदेचे दोन्ही दरवाजे बंद आहेत. अशा माणसासाठी ब्रिटनकडे एक ठरलेली सोय होती: वसाहतीत गव्हर्नर म्हणून जा, पगार घे.

१८४२ मध्ये तो जमैकाला निघाला. वाटेत जहाज फुटलं. त्यातून वाचला, पण त्या धक्क्यातून बायको नीटशी सावरली नाही आणि पुढच्याच वर्षी जमैकात वारली. गुलामगिरी नुकतीच संपलेली होती. ऊसमळ्यांचे मालक आणि मुक्त झालेले मजूर यांच्यामध्ये तोल सांभाळत त्याने चार वर्षं काढली. परत आल्यावर दुसरं लग्न केलं, ते लॉर्ड डरहॅमच्या मुलीशी. हे सासरे लक्षात ठेवायला हवेत, कारण कॅनडाची गोष्ट त्यांच्यापासून सुरू होते.

सही करायची की नाही

१८३७-३८ मध्ये कॅनडात सरकारविरुद्ध बंडं झाली होती. ती का झाली हे पाहायला लंडनने डरहॅमला पाठवलं आणि त्याने १८३९ मध्ये अहवाल दिला. मुख्य शिफारस अशी, की गव्हर्नरने आपल्या मर्जीतल्या चार धनिकांच्या सल्ल्याने कारभार करणं थांबवावं आणि निवडून आलेल्या सभेचा ज्यांच्यावर विश्वास आहे अशांनाच मंत्री करावं. आज आपल्याला यात काय विशेष असं वाटेल. राज्यपाल सही करतो, कारभार मुख्यमंत्री करतो, हे आपण शाळेपासून शिकलो. पण १८३९ मध्ये एखाद्या वसाहतीत असं करणं म्हणजे साम्राज्य हातचं घालवणं, असं लंडनमधल्या पुष्कळांना वाटत होतं. वसाहतीच्या मंत्र्यांचं म्हणणं एक आणि राणीच्या मंत्र्यांचं दुसरं, मग गव्हर्नरने ऐकायचं कुणाचं?

एल्गिन १८४७ मध्ये कॅनडाचा गव्हर्नर जनरल म्हणून पोचला. पुढच्या वर्षी निवडणुकीत सुधारणावादी जिंकले आणि त्याने त्यांचे नेते लाफोंतेन आणि बॉल्डविन यांना मंत्रिमंडळ बनवायला बोलावलं. यातला लाफोंतेन फ्रेंच भाषक, बंडानंतर काही काळ अटकेत राहिलेला. एल्गिनने १८४९ च्या अधिवेशनाचं उद्घाटनाचं भाषण इंग्रजीबरोबर फ्रेंचमध्येही वाचलं. सासऱ्यांच्या अहवालात फ्रेंच लोकांना हळूहळू इंग्रज करून टाकावं असाही सल्ला होता. तो जावयाने बाजूला ठेवला.

मग आलं ते विधेयक. बंडाच्या वेळी सरकारी फौजेने आणि स्वयंसेवकांनी फ्रेंच भागात शेतं-घरं जाळली होती, त्यांना भरपाई द्यायची. रक्कम जवळपास १ लाख पौंड. इंग्रजी भाषक भागाला अशी भरपाई आधीच मिळालेली होती. पण नव्या विधेयकात भरपाईतून फक्त शिक्षा झालेले आणि हद्दपार झालेले लोक वगळले होते; म्हणजे बंडात सामील झालेला, पण पकडला न गेलेला माणूसही अर्ज करू शकत होता. इंग्रज टोरी, म्हणजे जुन्या वळणाचे राजनिष्ठ, भडकले. बंडखोरांना बक्षीस देता काय?

एल्गिनपुढे पळवाटा होत्या. विधेयक राणीच्या निर्णयासाठी लंडनला पाठवता आलं असतं, नाहीतर सभा बरखास्त करून निवडणूक घेता आली असती. दोन्हीत त्याचे हात झटकले गेले असते. त्याला स्वतःला विधेयक फार आवडलं होतं असंही नाही. पण सभेत बहुमताने मंजूर झालंय, वसाहतीचा अंतर्गत मामला आहे, तर सही करायची, असं त्याने ठरवलं. २५ एप्रिल १८४९ ला मॉन्ट्रियलमध्ये सही करून तो बाहेर पडला तेव्हा गर्दीने त्याच्या बग्गीवर अंडी आणि घाण फेकली. त्याच रात्री जमावाने संसदेची इमारत पेटवली. ग्रंथालयातली वीस हजारांहून जास्त पुस्तकं त्यात गेली. आणि आग लावणारे कोण? स्वतःला राणीचे सगळ्यात एकनिष्ठ प्रजाजन म्हणवणारे.

पाच दिवसांनी तो पुन्हा शहरात गेला, सभेचं मानपत्र घ्यायला. या वेळी दगड पडले. सोबतच्या भावाचं डोकं फुटलं. सुमारे दोन पौंड वजनाचा एक दगड थेट गाडीत आला, तो एल्गिनने जपून ठेवला. लष्कर हाताशी होतं आणि गोळीबाराचा हुकूम सुटला असता तर त्या काळात कुणाला नवल वाटलं नसतं. पण त्याने तो दिला नाही. रक्त सांडलं तर फ्रेंच आणि इंग्रज पुन्हा कधी एकत्र बसणार नाहीत, हा त्याचा हिशेब होता. कित्येक आठवडे तो शहराबाहेरच्या घरातून हललाच नाही. विरोधकांनी त्याला भित्रा म्हटलं, त्याने म्हणू दिलं.

लंडनने त्याची बाजू घेतली आणि प्रथा पडली ती पडलीच: वसाहतीच्या घरगुती कारभारात मंत्री सांगतील तिथे गव्हर्नरने सही करायची. माझ्या मते त्याच्या सगळ्या कारकिर्दीतलं हे सर्वांत अवघड काम होतं, कारण त्यात काही करून दाखवायचं नव्हतं, गप्प बसायचं होतं.

दंगलीनंतर तीन आठवड्यांनी, १६ मे १८४९ ला, मॉन्ट्रियलमध्येच त्याला मुलगा झाला. व्हिक्टर त्याचं नाव. हाच मोठेपणी रँडच्या वेळचा व्हाइसरॉय झाला. ज्या प्रदेशाने सरकारविरुद्ध बंदुका उचलल्या, त्याला बापाने भरपाई मंजूर केली. मुलाच्या अमदानीत ‘केसरी’तल्या मजकुरावरून टिळकांना राजद्रोहाखाली १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुण्याला आणि मॉन्ट्रियलला एकच राणी होती, पण नियम एक नव्हता. कॅनडातल्या गोऱ्या वसाहतवाल्यांना चुचकारलं नाही तर ते शेजारच्या अमेरिकेला जाऊन मिळतील, ही धास्ती खरीच होती. १८४९ मध्येच मॉन्ट्रियलच्या व्यापाऱ्यांनी तसा जाहीरनामा काढलाही. ती धास्ती एल्गिनने १८५४ मध्ये अमेरिकेशी व्यापार करार करून शमवली. वॉशिंग्टनमध्ये मेजवान्यांवर मेजवान्या झोडत त्याने तो घडवून आणला, आणि शॅम्पेनवर तरंगत करार पार पडला, अशी थट्टा नंतर बरीच वर्षं चालली.

कँटनचा रस्ता कलकत्त्यावरून

ऑक्टोबर १८५६ मध्ये दक्षिण चीनमधल्या कँटनच्या बंदरात चिनी अधिकाऱ्यांनी ‘ॲरो’ नावाच्या एका गलबतावर चढून खलाशांना पकडलं. गलबताचा मालक चिनी, खलाशी चिनी, फक्त नोंदणी ब्रिटिश हाँगकाँगमधली, आणि तिचीही मुदत काही दिवसांपूर्वी संपलेली. एवढ्यावरून ब्रिटिशांनी युद्ध उकरून काढलं. लंडनच्या कॉमन्समध्ये पामर्स्टनचं सरकार या प्रश्नावर हरलं, पण निवडणूक घेऊन तोच पुन्हा जिंकला. चीनकडून ‘समाधान’ मिळवायला त्याने एल्गिनला सैन्य देऊन पाठवलं. खाजगीत एल्गिन या ॲरो प्रकरणाला लाजिरवाणंच म्हणत होता.

जून १८५७ मध्ये तो सिंगापूरला पोचला तर हिंदुस्थानातून गव्हर्नर जनरल कॅनिंगची पत्रं आलेली: मीरत उठलंय, दिल्ली गेली, असेल तेवढी फौज पाठव. तारेचं जाळं अजून तिथवर नव्हतं. लंडनला विचारून उत्तर यायला काही महिने गेले असते. एल्गिनने न विचारता चीनसाठी निघालेल्या पलटणी कलकत्त्याकडे वळवल्या. पुढे तो स्वतःही ‘शॅनन’ युद्धनौकेतून ऑगस्टमध्ये कलकत्त्याला आला. त्या नौकेच्या तोफा खलाशांनी ओढत लखनौपर्यंत नेल्या. १८५७ चा उठाव मोडण्यात चीनच्या मोहिमेचा असा हात होता, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

कलकत्त्याच्या मुक्कामात त्याने घरी लिहिलेलं एक पत्र फार बोलकं आहे. पूर्वेत आल्यापासून मी गोऱ्या माणसाच्या तोंडून, बाई असो की बुवा, ख्रिस्ती धर्म जगात आला होता असं वाटायला लावणारं वाक्य क्वचितच ऐकलं, असं तो लिहितो; चिनी असोत वा हिंदी, त्यांच्याबद्दल तिरस्कार, तुच्छता, क्रौर्य, सूड, एवढंच. वाचताना वाटतं, वा, काय नितळ माणूस. पण तिथेच, याच्या अलीकडच्या वाक्यात, या लोकांना तो ‘कनिष्ठ वंश’ म्हणून मोकळा झालेला असतो. आणि लिहीत असतो ते पुढच्या मोहिमेची वाट पाहत.

डिसेंबरमध्ये त्याच्या नौका कँटनसमोर लागल्या. शहर समोर पसरलेलं, प्रतिकार जवळपास नाही. आयुष्यात स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, असं त्याने डायरीवजा पत्रात लिहिलं. काही दिवसांत तोफखाना सुरू झाला आणि शहर पडलं. त्याची लाज खोटी होती असं मला वाटत नाही. ती त्याच्या पत्रात राहिली आणि हुकूम हुकुमाच्या जागी राहिला.

१८५८ च्या जूनमध्ये तिएनत्सिनला तह झाला. आणखी बंदरं खुली, देशाच्या आतल्या भागात परकीयांना फिरण्याची मुभा, मिशनऱ्यांना संरक्षण, पेकिंगमध्ये, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये, ब्रिटिश वकील (राजदूत). ऑगस्टमध्ये त्याने जपानला जाऊन तिथेही एक तह उरकला. नोव्हेंबरमध्ये शांघायला जकातीचे दर ठरले आणि त्या यादीत अफू अलगद शिरली: पेटीमागे ३० तेल जकात, तेल म्हणजे चांदीचं चिनी वजन. चीनने इतकी वर्षं बंदी घातलेला माल अशा रीतीने कायदेशीर झाला.

इथे मुंबईचा थेट संबंध येतो. चीनला जाणारी अफू दोन ठिकाणची. बंगाल-बिहारची कलकत्त्याहून जाई, आणि माळव्याची, म्हणजे इंदूर-उज्जैनच्या टापूतली, मुंबईहून. माळव्याच्या पेट्यांवर इंग्रज सरकार परवान्याचं शुल्क घेई आणि हिंदुस्थानच्या तिजोरीचं ते एक मोठं उत्पन्न होतं. जमशेटजी जिजीभाईंसारख्यांची संपत्ती याच चीनच्या व्यापारातली, कापूस आणि अफू दोन्हींची, जे. जे. हॉस्पिटल त्यांच्याच देणगीतून उभं राहिलं. त्यामुळे शांघायला ठरलेल्या त्या जकातीने मुंबईच्या गोदीतले व्यापारी नक्कीच हरखले असणार.

ऑक्टोबर १८६०

तह पक्का करायला १८५९ मध्ये एल्गिनचाच भाऊ फ्रेडरिक निघाला, तर पेकिंगच्या वाटेवरच्या, समुद्रकाठच्या ताकूच्या किल्ल्यांवरून चिनी तोफांनी ब्रिटिश नौका पिटाळून लावल्या. एल्गिन तेव्हा लंडनमध्ये पोस्टमास्टर जनरल म्हणून मंत्रिमंडळात बसला होता. त्यालाच परत पाठवलं, या वेळी फ्रेंचांबरोबर. श्रीलंकेच्या गॉल बंदरात पुन्हा जहाज फुटलं. समुद्राचं आणि त्याचं काही जमत नव्हतं. ऑगस्टमध्ये ताकू पडलं. या फौजेत हिंदी पलटणीही होत्या, त्यांत शीख स्वार होते.

१८ सप्टेंबरला वाटाघाटींसाठी पांढरं निशाण घेऊन गेलेल्या तुकडीला चिन्यांनी पकडलं. ब्रिटिश, फ्रेंच आणि हिंदी मिळून चाळीसच्या आसपास माणसं. हातपाय ओल्या दोऱ्यांनी करकचून बांधलेले. दोऱ्या वाळत गेल्या तशा मांसात रुतल्या, जखमा सडल्या, काहींच्यात किडे पडले. साधारण निम्मे जण मेले. त्यांत लंडनच्या ‘टाइम्स’चा बातमीदारही होता.

पेकिंगच्या वायव्येला युआनमिंगयुआन, म्हणजे बादशहाचा उन्हाळी राजवाडा. एक इमारत नव्हे. आठशेहून जास्त एकरांत तळी, बागा, शेकडो मंडप, ग्रंथालयं, एका कोपऱ्यात जेझुइट पाद्र्यांनी आखलेले युरोपीय धाटणीचे दगडी महाल. बादशहा आधीच पळून गेला होता. ऑक्टोबरच्या सुरुवातीला फ्रेंच आत शिरले, पाठोपाठ इंग्रज, आणि लूट सुरू झाली. एल्गिनने ते पाहिलं. लुटालूट वाईट, पण त्याहून वाईट ही नासधूस, असं त्याने लिहिलं. दहा लाख पौंडांच्या मालातून पन्नास हजारही हाती येणार नाहीत असा अंदाज केला, आणि युद्ध ही घाणेरडी गोष्ट आहे असं म्हणून ठेवलं.

अकरा दिवसांनी त्याच्याच हुकुमाने उरलेलं सगळं पेटवलं गेलं.

मधल्या काळात कैद्यांची प्रेतं परत आली होती. एल्गिनने आपली कारणं सरकारला व्यवस्थित लिहून कळवली. मोठा दंड मागावा तर तो रयतेच्या खिशातून जाणार. गुन्हेगार मागावे तर चिनी दरबार कुणीतरी हलका माणूस पुढे करणार. शहरावर हल्ला करावा तर निरपराध मरणार, शिवाय पेकिंगची थंडी तोंडावर, आणि सेनापती ग्रँटला नोव्हेंबरच्या आत परतायचं होतं. कैद्यांना प्रथम याच राजवाड्यात आणलं होतं. तेव्हा बादशहाला स्वतःला झोंबेल आणि प्रजेला झळ लागणार नाही अशी ही एकच शिक्षा. फ्रेंच वकील बॅरन ग्रो याने सहभागी व्हायला साफ नकार दिला. १८ आणि १९ ऑक्टोबरला इंग्रज फौजेने फिरून एकेक मंडप पेटवला. लाकडी बांधकाम, दोन दिवस धूर पेकिंगवर राहिला. दगडी महालांचे तेवढे सांगाडे उरले. आज चिनी शाळांच्या सहली तेच पाहायला जातात.

तर्क म्हणून वाचला तर तो निर्दयी नाही, उलट मोजूनमापून केलेला आहे, आणि मला तोच जास्त अस्वस्थ करतो. चिडलेल्या सेनापतीने हे केलं असतं तर समजलं असतं. इथे एक सुसंस्कृत माणूस पर्याय समोर मांडून, त्यांतला कमी रक्ताचा निवडून, जगातली एक अप्रतिम वास्तू खाक करतो. मॉन्ट्रियललाही त्याने असाच हिशेब केला होता. फरक एवढाच, की तिथे हिशेबात समोरच्या माणसांना मत होतं. फ्रान्सचा व्हिक्टर ह्यूगो दुसऱ्याच वर्षी एका पत्रात दोन्ही देशांना डाकू म्हणाला, आणि एल्गिन या नावाबरोबर पार्थेनॉन आठवणं अटळ आहे असा टोलाही त्याने मारला.

२४ ऑक्टोबरला एल्गिन मोठ्या पालखीतून मिरवत पेकिंगमध्ये शिरला आणि बादशहाचा भाऊ प्रिन्स गाँग याच्याशी करार झाला. हाँगकाँगसमोरचं काउलून हाँगकाँगला जोडलं गेलं, चीनवर ८० लाख तेलांचा दंड बसला. रयतेच्या खिशाची चिंता इथे कुठे गेली, हे त्याने कुठे लिहिलेलं मला आढळलं नाही.

धर्मशाळा

मार्च १८६२ मध्ये तो व्हाइसरॉय म्हणून कलकत्त्याला उतरला. त्याच्या आधीचे दोघे, डलहौसी आणि कॅनिंग, ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात त्याच्याच काळात शिकलेले. लागोपाठ तिघे एकाच कॉलेजचे. हिंदुस्थान कुणाच्या हाती द्यायचा हे किती लहान वर्तुळात ठरत होतं याचा यावरून अंदाज येतो. अर्थात कॅनडातला ‘मंत्री सांगतील तिथे सही’ हा नियम इथे आणण्याचा प्रश्नही कुणी काढला नाही. उठाव होऊन पाच वर्षं झाली होती, खजिना नाजूक होता, आणि एल्गिनने मुद्दाम फार काही केलं नाही. मुंबई हायकोर्ट ऑगस्ट १८६२ मध्ये, त्याच्याच काळात सुरू झालं, पण ते श्रेय त्याचं नव्हे. कायदा आधीच झाला होता.

१८६३ च्या शरद ऋतूत तो सिमल्याहून कुलू-लाहौलच्या डोंगरांत दौऱ्यावर निघाला. चंद्रा नदीवर डहाळ्या विणून केलेला झुलता पूल होता, बराच झिजलेला. तो पार करताना त्याची दमछाक झाली आणि आधीच दुबळं असलेलं हृदय पुरतं ढासळलं. कसाबसा धर्मशाळेला आणला. तिथे त्याने राजीनामा पाठवला, बायकोला थडग्यासाठी जागा निवडायला सांगितलं आणि २० नोव्हेंबरला बावन्नाव्या वर्षी तो गेला. मॅक्लिओडगंजच्या अलीकडे देवदारांत सेंट जॉन चर्च आहे, तिथे त्याची कबर आहे. १९०५ च्या कांगड्याच्या भूकंपात गाव कोसळलं, पण चर्च टिकलं.

तो गेला तेव्हा त्यानेच मंजूर केलेली वायव्य सरहद्दीवरची एक छोटीशी मोहीम अंबेला खिंडीत अडकून पडली होती. लंडनला घाई झाली. या वेळी वसाहती फिरून आलेला उमराव शोधण्यात वेळ गेला नाही. ज्याची हयात पंजाबात गेली आणि ज्याला त्या डोंगरातल्या टोळ्या ओळखत होत्या, त्या जॉन लॉरेन्सला व्हाइसरॉय केलं, आणि जानेवारी १८६४ मध्ये तो कलकत्त्याला हजर झाला.